रेघ वाकते तिथे

"काका, रेघ सरळच आहे हो," काउंटरमागची मुलगी म्हणाली.

"तुला सरळ दिसली म्हणून सरळ?" मी म्हणालो. "काल दुपारी घरी वाकडी होती. मधोमध फुगल्यासारखी. माझ्या बायकोनं स्वतः पाहिली. ती काय उगाच बोलते?"

मुलीनं तो टॅब पुन्हा उचलला. उभा धरला, आडवा धरला, ट्यूबलाइटखाली नेऊन पाहिला. स्क्रीनवर ग्राफ होता, आमच्या हिच्याच प्रयोगातला, रेघ सरळच असायला हवी असा, आम्हीच मुद्दाम उघडून दाखवलेला. त्यातली रेघ खालच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढत गेलेली. खरं सांगायचं तर मलाही ती सरळच दिसत होती. पण आठवड्यातलं दुसरं मशीन परत करायला आलेल्या माणसानं काउंटरवर उभं राहून माघार घ्यायची म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच की.

ही माझ्या शेजारी पर्सचा पट्टा पिळत उभी होती. "अहो," ती हळूच म्हणाली, "इथे सरळच दिसतेय."

घ्या! मी हिच्यासाठी भांडतोय आणि ही बाई ऐन वेळी समोरच्या पार्टीत!

आतून दुकानदार आला. मुलीनं त्याला तक्रार सांगितली. त्यानं स्क्रीनवर एक नजर टाकली, माझ्यावर एक टाकली, आणि म्हणाला, "दे बदलून." मग आत वळता वळता हिशेबाच्या माणसाजवळ पुटपुटला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

माझं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. वरच्या मजल्यावर काय घासतंय ते तळाशी उभं राहून ओळखणारा माणूस मी. मला ते ऐकू आलं नसतं तरच नवल.

"कोण नाचतंय हो इथे?" मी ओरडलोच. "कॉलेजात शिकवते ती! पीएच.डी. करतेय! आपल्या मालात खोट आहे ते बघा आधी. आणि ही पोरगी, हिला सरळ काय वाकडं काय कळत नाही, तिला कशाला उभं केलंय काउंटरवर?"

मुलीचा चेहरा पडला. ती खाली बघून टॅबची वायर गुंडाळायला लागली. हिनं माझी बाही धरून ओढली आणि दातांवर दात ठेवून म्हणाली, "पुरे आता. तिसरं घेऊ या आणि निघू या. माझा जीव जातोय इथे."

तर आम्ही तिसरं मशीन घेऊन घरी आलो. 

आता हे मशीनचं खूळ कुठून आलं ते सांगतो. ज्या वयात बायका गुडघ्यांच्या तक्रारी सांगत बसतात त्या वयात आमच्या हिनं पीएच.डी.ला नाव घातलं. कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत बाटल्या विसळण्यापासून सुरुवात केली होती, शिकत शिकत वर चढली. तिचा विषय ऐकाल तर हसाल. पाण्याच्या नळात आतून जो पांढरट थर साचतो ना, तो. मी चेष्टेनं म्हणायचो, "डॉक्टरीणबाई, नळाच्या पोटात काय आहे ते नळालाच विचारा की." ती म्हणायची, "विचारते की. उत्तर द्यायला वर्षं लावतो."

आणि खरंच वर्षं लागली. तिचे स्वतःचे प्रयोग होते, पण प्रबंधातलं शेवटचं आणि तिच्या लाडाचं प्रकरण जगभरातल्या जुन्या पेपरांवर उभं होतं. त्या जुन्या लोकांनी आकडे छापलेले नाहीत, नुसते ग्राफ छापलेत. थर किती वाढला त्याची रेघ. तिचं म्हणणं असं, की ही रेघ चढत चढत एका जागी वाकते आणि आडवी व्हायला लागते. म्हणजे थर ठरावीक जाडीला थांबतो. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, हिच्या आलं. हे मला सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा, की मला काही कळलं नाही तरी मी मान हलवायचो.

प्रबंध गेला. एका परीक्षकानं पसंत करून वर पाठवला, दुसऱ्या परीक्षकबाईंनी प्रश्न पाठवला. 'रेघ इथे वाकते असे उमेदवार म्हणतात. मला ती वाकलेली दिसत नाही. मूळ पेपर पुन्हा पाहून तोंडी परीक्षेत उत्तर द्यावे.' झालं! हिची झोप उडाली. त्यात तिचे गाइड, आम्ही त्यांना सरच म्हणतो, ते सत्र संपलं की निवृत्त होणार. त्याआधी परीक्षा झाली तर झाली, नाही तर नवा गाइड, नवे नियम, सगळं पहिल्यापासून. "मग माझ्याच्यानं होणार नाही," ती म्हणाली होती. रडत नाही, नुसती म्हणाली होती, त्यामुळे मला जास्तच धसका बसला.

पेपरांचे छापलेले गठ्ठे घरभर, पलंगाखाली, कपाटावर. एका पानात दोन-दोन रकाने आणि अक्षरं खसखशीएवढी. ग्राफ म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, नुसता काळा डाग. आमची मुलगी परगावी असते, ती फोनवर म्हणाली, "आई, डोळे फोडून घेऊ नकोस. एक चांगलं मशीन घे. सगळे पेपर त्यात टाक आणि मोठे करून बघ."

पहिलं मशीन पुस्तकाएवढं, डोळ्यांना गार वाटेल असं, अगदी कागदासारखं. पण दोन रकान्यांचं पान त्यात मावेना. मोठं करावं तर अर्धी ओळ बाहेर, लहान ठेवावं तर परत खसखस. त्यात एक सोय होती, मजकूर तोडून पडद्यात बसवायची. ती वापरली तर सूत्राचा पार चेंदामेंदा, वरचा आकडा या पानावर आणि खालचा पुढच्या. आणि त्यावर रेघ वाकडी दिसते म्हणाली. दुसरा हा चकाकता टॅब. दोन बोटांनी ताणला की ग्राफ हवा तेवढा मोठा. पण डोक्यावरचा दिवा त्यात उतरायचा, आणि रेघ वाकडी. आता तिसरं, कागदी पडद्याचंच, पण अख्ख्या पानाएवढं मोठं.

"याच्यात तरी सरळ दिसू दे रे बाबा," घरात पाऊल टाकताना मी म्हणालो. कुणाला म्हणालो कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दुपारी ही कॉलेजातून आली, जेवली, आणि नेहमीसारखी पलंगावर डाव्या कुशीवर पडली. तिची वाचायची रीत ही. खुर्चीत बसून तिला वाचन होत नाही, पाठ धरते. अर्धा चेहरा उशीत, खिडकीकडे तोंड, समोर गुंडाळलेल्या पांघरुणाला टेकवलेलं पुस्तक किंवा कागद. सगळी पीएच.डी. तिनं अशी झोपून केली, असं मी चिडवायचो. माझी सकाळची पाळी असली की मी दुपारी घरीच असतो. मी खुर्चीत बसून डुलक्या घेत होतो, पण एक कान तिच्याकडे.

थोडा वेळ शांत गेला. मग, "अहो."

मी डोळे उघडले.

"याच्यातही वाकडी आहे."

माझं डोकंच फिरलं. "शक्य नाही! तीन मशीनं, तीन कंपन्या, सगळ्यांची रेघ तिथेच वाकते? ऊठ, मला बघू दे."

आमच्या धंद्यात पहिला नियम, बिघाड जिथून दिसतो तिथूनच बघायचा. मी तिला उठवून तिच्या जागी आडवा झालो. तीच कूस, तीच उशी. रेघ सरळ. अगदी फुटपट्टीनं ओढल्यासारखी.

"सरळ आहे," मी म्हणालो.

ती माझ्या डोक्यावरून वाकून बघत होती. "हो की," ती म्हणाली. "आता आहे." मग मला सरकवून परत आडवी झाली. "आता नाहीये."

"उठून बस बरं."

ती बसली. "सरळ."

"नीज."

"वाकडी."

"सापडलं!" मी टिचकी वाजवली. "तू निजलीस की त्याच्यावर उजेड तिरपा पडतो. नाही तर आत काहीतरी सैल आहे, कललं की सरकतं." मी मशीन हातात घेऊन कललं की आवाज येतो का ते बघायला कानाशी धरून हलवायला लागलो. लिफ्टवाल्याची अक्कल, दुसरं काय!

ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती तशीच कुशीवर पडून खिडकीच्या गजांकडे बघत होती. मग तिनं मान उशीवरून उचलली. हळूच परत टेकवली. उठून बसली, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि गजांकडे पाहिलं. मग उजव्यावर ठेवला. मग परत डाव्यावर. मी मशीन कानाशी धरून उभाच.

"अहो," ती म्हणाली, "मशीन चांगलंय."

मला आधी बरंच वाटलं. "मग झालं तर!" असं म्हणालोही. आणि मग तिचा चेहरा पाहिला.

"गज वाकडे दिसतायत," ती म्हणाली. "एकाच डोळ्यानं."

मी मशीन हळूच पलंगावर ठेवलं. लिफ्टची दोरी सुटलेली मी कधी पाहिली नाही, देवाची कृपा, पण सुटली तर आतल्या माणसाला असंच वाटत असेल.

डोळ्यांच्या डॉक्टरनं तिला चौकटींची जाळी छापलेलं एक कार्ड दाखवलं, एकेक डोळा झाकून बघायला लावलं. मग थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत नेलं, कसलीशी छायाचित्रं काढली. तरुण डॉक्टर होता, बोलायला चांगला. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आहे म्हणाला. डावा शाबूत. डोळ्यात औषधाची सुई द्यावी लागेल, थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा द्यावी लागेल, त्यानं आहे तेवढं राखता येतं, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.

डोळ्यात सुई! मला खुर्चीत बसल्या जागी घाम फुटला. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "लिफ्टच्या खड्ड्यात उतरता आणि सुईला घाबरता? मला द्यायचीय, तुम्हाला नाही." मग डॉक्टरला तिनं विचारलं, "वाचून वाढेल का हे?"

"वाचनानं नाही वाढत. खुशाल वाचा."

"कधीपासून असेल?"

"ते सांगता यायचं नाही. वर्ष झालं असेल, कमीजास्तही असेल. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं सांभाळून घेतो. माणसाला पत्ता लागत नाही."

हे ऐकलं आणि ती पांढरी पडली. सुईचं ऐकून पडली नव्हती, हे ऐकून पडली. मला काही उमगेना. बाहेर बाकावर बसल्यावर मी म्हणालो, "अगं, डावा शाबूत आहे म्हणाला ना? घाबरतेस कशाला?"

"शेवटचं प्रकरण मी गेल्या वर्षभरात केलं," ती म्हणाली.

"मग?"

"झोपून. या डोळ्यानं." तिनं डोळ्याला हात लावला नाही, नुसती मान त्या बाजूला केली. "मला रेघ वाकलेली दिसली, अहो. मीच पाहिली ती. त्या बाईंना दिसत नाही म्हणतात."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. बाकावर आमच्या शेजारी डोळ्याला पट्टी बांधलेले एक आजोबा बसले होते, ते कुणाला तरी फोनवर मोठमोठ्यानं आपली तब्येत सांगत होते. आम्ही दोघं त्यांचं बोलणं ऐकत बसलो.

"सगळे पेपर परत बघायचे," ती म्हणाली. "डाव्या डोळ्यानं. चला."

"कुठे?"

"दुकानात. हे मोठं मशीन मला नको. पडदा करडा आहे, ग्राफ मोठा करायला गेलं की रखडतं. मला तो चकाकता टॅबच हवा."

"जो आपण परत केला तो?"

"तोच."

 परत त्या काउंटरवर! पण हिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणायची सोय नव्हती. गेलो. काउंटरमागे तीच मुलगी. आम्हाला बघून ती एक पाऊल मागे सरली, बिचारी.  मी म्हणालो, "बाळ, रेघ सरळ होती. तुझंच बरोबर होतं. परवा मी नको ते बोललो."

"असू दे काका," ती म्हणाली. मग हिच्याकडे वळून, "काकू, काय झालं?"

हिनं सांगितलं. लपवाछपवी न करता, चार वाक्यांत. कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं, पोटच्या पोरीला सांगितलं नव्हतं, आणि दुकानातल्या पोरीला सांगून मोकळी! मुलीनं तो टॅब आणला, त्याचा पडदा काळा आणि अक्षरं पांढरी कशी करायची ते दाखवलं, चकाकी मारणारा कागद चिकटवून दिला. हिनं उजवा डोळा मिटून एकेक पान बघितलं. दोन बोटांनी ताणलं, परत आवळलं, कडेचा कोरा भाग कापून रकाना रुंद करून पाहिला. सूत्र जागच्या जागी राहिलं. "हा," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं एखादं मशीन बघून 'हा' म्हटलं.

दुकानदार आतून बघत होता. 

मग सुरू झाली तपासणी. पहिली सुई झाली, दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं खुशाल वाचा म्हणून सांगितलं, आणि ही लगेच टॅब घेऊन बसली. आता पलंगावर नाही, जेवणाच्या टेबलाशी, ताठ, पाठीला उशी लावून, उजव्या डोळ्यावर रुमालाची घडी. एकेक जुना पेपर उघडायचा, ग्राफ पडदाभर ताणायचा, त्यावर पारदर्शक फुटपट्टी ठेवून बघायचं. मी समोर बसून भाजी निवडायचो, नाही तर निवडल्यासारखं करायचो. तिची फुटपट्टी हलली की माझं निवडणं थांबायचं.

"वाकते?" मी विचारायचो.

"वाकते."

"वा!"

पुढचा. "वाकते?"

"गप्प बसा हो जरा."

पहिल्या दिवशी बऱ्याच वाकल्या. मला वाटलं, सुटलो. मी मुलीला फोन करून सांगितलं सुद्धा, डोळ्याचं नाही, फक्त आईचं काम छान चाललंय एवढं. दुसऱ्या दिवसापासून हिचं बोलणं बंद झालं. गेल्या वर्षात वाचलेले पेपर आता समोर येत होते, आणि तिच्या सगळ्या म्हणण्याचा भार त्यांच्यावरच होता. ती फुटपट्टी ठेवायची, बघायची, उचलायची, परत ठेवायची. मी विचारायचं सोडून दिलं. एकदा तिनं रुमाल काढला, टॅब घेऊन पलंगावर गेली, डाव्या कुशीवर पडली, क्षणभर पाहिलं आणि उठून परत टेबलाशी आली.

"तिथे वाकते," ती म्हणाली. "इथे नाही."

सरांना तिनं फोन केला. स्पीकर लावला होता म्हणून मी ऐकलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. चांगला माणूस आहे, दोन वेळा "अरेरे" म्हणाले, डॉक्टर कोणता ते विचारलं. मग म्हणाले, "हे पाहा, काही पेपरांत रेघ वाकते ना? मग झालं. परीक्षकबाईंना सांगा, जुनी छपाई आहे, फिकट आहे, बघणाऱ्यागणिक फरक पडू शकतो. हे खोटंही नाही. दोन मिनिटांत तो मुद्दा संपेल. पदवी हातात येऊ द्या. दुरुस्ती काय, पुढे करता येते. मी गेल्यावर तुमची फाइल कोण हातात धरणार आहे?"

"बघते सर," ही म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी लगेच म्हणालो, "सर बरोबर बोलतात."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला एवढं माहीत आहे की तू किती वर्षं घासलीस. कुणाला कळणार आहे?"

"उद्या कुणीतरी माझं लिहिलेलं वाचेल," ती म्हणाली. "थर आपोआप थांबतो म्हणून समजेल. आणि नळ बदलायचा राहील. तेच पाणी लोक पितील."

"तुझं लिहिलेलं वाचून कोण नळ बदलतंय गं! जग तुझ्या प्रबंधावर चाललंय का?"

हे मी बोलायला नको होतं. ती टॅबवर बोट फिरवत बसली, पण पान पुढे सरकत नव्हतं. मला माझा राग आला, तिचा आला, त्या परीक्षकबाईंचा तर सगळ्यात जास्त आला. एवढ्या बारीक नजरेनं बघायची काय गरज होती त्यांना?

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकली. अशा परीक्षेला कुणीही मागे बसू शकतं असं कळलं, म्हणून गेलो. लांब खोली, लांब टेबल, भिंतीवर मोठा पांढरा पडदा. हिची विद्यार्थी मंडळी मागे दाटीवाटीनं बसलेली. मी शेवटच्या रांगेत, हातांना काय करावं ते न सुचून दोन्ही मांड्यांखाली दाबून बसलो. ती काय सांगणार आहे ते मी विचारलं नव्हतं. विचारायची हिंमतच झाली नाही. सकाळी निघताना तिनं मला फक्त एवढंच म्हटलं होतं, "सदरा बदला, कॉलर विटलीय."

परीक्षकबाई बारीक अंगाच्या, करड्या केसांच्या, आवाज इतका मऊ की भीती वाटावी. आधी इकडचं तिकडचं विचारलं. हिनं धडाधड उत्तरं दिली. सर टेबलाच्या टोकाला बसून मान डोलवत होते. मला वाटलं, निभावलं.

मग भिंतीवर तो ग्राफ आला.

"हा," परीक्षकबाई म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंय, रेघ इथे वाकते. परत पाहिलंत?"

"पाहिलं," ही म्हणाली.

"छपाई फिकट आहे याची," सर मध्येच, सहज म्हणावं तसं म्हणाले. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. मी मनात देवाचा धावा करत होतो, की बाई, म्हण, हो म्हण, फिकट आहे म्हण.

"छपाई चांगली आहे," ही म्हणाली. "रेघ वाकत नाही."

 परीक्षकबाईंनी चष्मा काढला. "मग लिहिलंत कसं?"

"मला वाकलेली दिसली होती. माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. वाचताना मी एका कुशीवर पडून वाचते, तेव्हा तोच एक डोळा उघडा असायचा. मला माहीत नव्हतं, मागल्या महिन्यात कळलं. आता सगळे पेपर मी दुसऱ्या डोळ्यानं आणि फुटपट्टी लावून पाहिलेत. सुरुवातीला वाचलेल्या थोड्या पेपरांत रेघ वाकते. बाकीच्यांत नाही. तेवढ्यावर ते म्हणणं टिकत नाही. हे प्रकरण मी मागे घेते."

सरांनी डोळे मिटून घेतले. मागच्या पोरांत कुजबुज झाली आणि लगेच थांबली. हिचा आवाज कुठेही हलला नव्हता. ती वर्गात उभी राहून शिकवते ना, तसाच होता. 

"या प्रकरणाशिवाय प्रबंध उभा राहतो का?" परीक्षकबाईंनी विचारलं. तितक्याच मऊ आवाजात.

"माझे स्वतःचे प्रयोग राहतात," ही म्हणाली. "ते काट्यावर वजन करून केलेत, डोळ्यांच्या भरवशावर नाही. ते दाखवते. पुरे आहे की नाही ते तुम्ही ठरवा."

ती पडद्याकडे वळली. तिच्या प्रयोगांचं कोष्टक लांब आणि आकडे बारीक होते.  मग सगळ्यांच्या देखत तिनं उजवा हात उचलला, तळहात उजव्या डोळ्यावर घट्ट ठेवला, आणि कॉम्प्युटरपाशी बसलेल्या माणसाला म्हणाली, "पुढचं पान घ्या." आणि वरच्या ओळीपासून आकडे वाचायला लागली.